‘लाइव्ह’ छापलंय म्हणजे अखंड वाजवलंय असं नाही

मैफलीत वाढलेल्या आपल्या श्रोत्यांचा एक ठाम समज असतो. लोकांसमोर एका दमात वाजवलं ते खरं, स्टुडिओत तुकडे जोडून केलं ते खोटं. पाश्चात्त्य पियानोच्या रेकॉर्डिंगकडे हाच समज घेऊन गेलात तर दोन्ही बाजूंनी फसाल.

पियानोवादक होरोविट्झचंच घ्या. जाहीर कार्यक्रमांतून बारा वर्षं गायब राहून तो ९ मे १९६५ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या मंचावर आला. सुरुवात बाखच्या सी मेजर टोकाटाने, बुसोनीने पियानोसाठी बेतलेल्या. पहिल्याच स्वरवाक्यात चुकीचे सूर. पुढे शूमानच्या फँटसीत, दुसऱ्या भागाच्या शेवटी दोन्ही हात एकाच वेळी विरुद्ध दिशांना लांब उड्या मारतात, तिथेही तो घसरला. ती जागा भल्याभल्यांना घाम फोडते, त्यामुळे त्यात नवल काही नाही. पण कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या एलपीवर या जागा दुरुस्त केलेल्या होत्या. न सुधारलेली फीत सोनीने २००३ मध्ये बाहेर आणली. माझं मत विचाराल तर तीच घ्या. सुरुवातीची चूक पुसली की त्या माणसावरचं दडपणही पुसलं जातं, आणि मग तो हळूहळू मोकळा होत जातो ते ऐकण्यात मजा उरत नाही.

आता कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड. १० एप्रिल १९६४ ला लॉस एंजेलिसमध्ये शेवटचा जाहीर कार्यक्रम केला आणि उरलेलं आयुष्य स्टुडिओत काढलं. १९६६ च्या एका लेखात त्याने आपली कात्री उघड करून दाखवली. बाखच्या वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर या संग्रहाच्या पहिल्या खंडातल्या ए मायनर फ्यूगचे (एकच धून एकामागून एक अनेक आवाजांत गुंफणारी रचना) दोन टेक, म्हणजे सलग वाजवून घेतलेली मुद्रणं, निर्दोष होते, सहावा आणि आठवा. एक गंभीर, जड पावलांचा. दुसरा उड्या मारणारा. दोन्ही पूर्ण ऐकले तर एकसुरी. नशिबाने दोघांची लय जवळपास सारखी होती, म्हणून सुरुवात आणि शेवट सहाव्याचा, मधला भाग आठव्याचा, अशी जोडणी झाली. ही चूक झाकण्याची कात्री नव्हे. हा वाजवून झाल्यावर घेतलेला सांगीतिक निर्णय आहे, आणि मंचावर तो घ्यायला सवडच मिळत नाही.

जोड लावायची कशी? फीत सेकंदाला १५ इंच धावते, म्हणजे साधारण ३८ सेंटीमीटर. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेच्या पाव भागाचा सूर जेमतेम पावणेपाच सेंटीमीटर फितीवर मावतो. ब्लेडने छेद द्यायचा तो तिरका, म्हणजे एक आवाज दुसऱ्यात सरकतो आणि ‘टक्’ ऐकू येत नाही. आणि द्यायचा नव्या सुराच्या आघाताच्या अगदी आधी, कारण हातोडीचा ठोका जोड झाकतो. सूर विरत असताना कापलंत तर कान लगेच पकडतो.

बिघडतं ते बहुतेक वेळा सुराच्या शेपटीपाशी. सूर लांबवणारं पेडल दाबलेलं असेल तर आधीच्या स्वरसमूहाची आस पुढच्या सुराखाली वाहत असते. दुसऱ्या टेकमध्ये ती आस थोडी वेगळी असते, आणि खोलीची हवा अचानक बदलल्यासारखी वाटते. दुसरं कारण सुरांचं. तासन् तास वाजवल्यावर तारा किंचित उतरतात, मग सकाळचा टेक संध्याकाळच्या टेकला चिकटत नाही. म्हणूनच पियानो सुरात लावणारा ट्यूनर सत्रभर हाताशी लागतो. गूल्डचं काम त्या मानाने सोपं होतं. पेडल कमी, माइक जवळ, आवाज कोरडा, शेपटी आखूड. पेडलवर तरंगणाऱ्या दब्यूसीच्या संगीतात अशी कात्री चालवून बघा!

आणि कात्री हातात असूनही गूल्डने सगळंच गुळगुळीत केलं नाही. पियानोच्या आधीच्या काळातल्या हार्पसिकॉर्डसारखी चटपटीत कळ मिळावी म्हणून त्याने आपल्या लाडक्या सीडी ३१८ या क्रमांकाच्या स्टाइनवे पियानोच्या यंत्रणेत फेरफार करून घेतले होते. बाखच्या इन्व्हेन्शन्स या छोट्या रचनांच्या १९६४ च्या रेकॉर्डमध्ये त्याचा परिणाम असा की मधल्या सप्तकातल्या संथ सुरांवर हातोडी कधीकधी दोनदा आपटते, उचकी लागल्यासारखी. रेकॉर्ड तशीच निघाली, वर वेष्टनावर गूल्डची टीप.

बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सच्या (एक आरिया, म्हणजे संथ धून, आणि तिच्यावर बेतलेल्या तीस रचना) गूल्डने केलेल्या दोन रेकॉर्डिंगबद्दल लोक एकूण वेळ तोलत बसतात: १९५५ चं साडेअडतीस मिनिटांच्या आसपास, १९८१ चं एक्कावन्न. ही तुलना चुकीची. प्रत्येक भाग पुन्हा वाजवण्याची बाखची सूचना आहे, पण १९५५ मध्ये त्याने एकही पुनरावृत्ती घेतली नाही, १९८१ मध्ये काही घेतल्या. तुलना करायची तर सुरुवातीच्या आरियाची करा, कारण ती दोन्हीकडे पुनरावृत्तीविना आहे: सुमारे १ मिनिट ५३ सेकंद आणि ३ मिनिटं ५ सेकंद. १९५५ ची आरिया त्याने सगळ्यात शेवटी रेकॉर्ड केली, आणि पहिले वीस टेक तिच्यातले जादा भाव काढून टाकण्यातच घालवले. कात्रीशिवाय याला जमत नसेल अशी शंका असेल, तर २५ ऑगस्ट १९५९ चं साल्झबुर्गचं मैफलीतलं गोल्डबर्ग ऐका. शंका मिटेल.

कात्री नव्हतीच त्या काळाचा मासला म्हणजे पियानोवादक श्नाबेल. १९३२ ते ३५ दरम्यान त्याने बेथोव्हनचे बत्तीसही सोनाटा ध्वनिमुद्रित केले. तबकडीची एक बाजू चारेक मिनिटांची, चुकलं तर अख्खी बाजू पुन्हा. आपल्याकडे अशाच तबकड्यांनी ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत बसवला. श्नाबेलने सोनाटा आखडला नाही, बाजू वाढवल्या. त्यांतल्या ओपस १०६ या सोनाटाच्या पहिल्या भागाला बेथोव्हनने लिहिलेली लय, मिनिटाला १३८ ‘हाफ नोट’ (दोन मात्रांचे सूर), जवळजवळ कुणी पाळत नाही. श्नाबेल तिच्यामागे धावतो आणि सूर सांडतात. सांडू देत. त्या धावण्यातला बेथोव्हन नंतरच्या कित्येक स्वच्छ रेकॉर्डिंगमध्ये सापडत नाही.

रुमानियाचा पियानोवादक लिपाट्टी याचं १६ सप्टेंबर १९५० चं, फ्रान्समधल्या बझाँसाँचं शेवटचं वादन मात्र दुरुस्तीच्या चर्चेत ओढू नये. आजाराने थकलेल्या त्या माणसाने शोपाँच्या चौदा वॉल्ट्झपैकी तेरा वाजवले, एक राहिला. रेडिओने टिपलं ते आपल्याकडे आहे, आणि बोटांत आजार कुठेच ऐकू येत नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. गूल्डने १९८१ चं गोल्डबर्ग यामाहा पियानोवर वाजवलं आणि ते सुरुवातीच्या डिजिटल यंत्रावर टिपलं गेलं, पण शेजारी अ‍ॅनालॉग फीतही चालू होती. २००२ च्या ‘अ स्टेट ऑफ वंडर’ या संचात त्या फितीवरून केलेली आवृत्ती आहे. यामाहाचा वरचा पट्टा डिजिटलमध्ये टोचतो, फितीवर टोचत नाही. शक्य असेल तर तीच मिळवा.