कानडी बाईवरचा आळ

परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बेळगावातल्या शहापूरच्या काकांनी ठणकावून लिहिलं, "बालगंधर्वांना बुडवलं ते त्या कानडी बाईनं." खाली ओळीनं अंगठे. ती बाई म्हणजे गायिका गोहरबाई कर्नाटकी. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण इथे श्टुटगार्टला, गच्च भरलेल्या एस-बान लोकलमध्ये उभ्यानं वाचताना ते फार झोंबलं.

काका, आधी सालं बघा. गंधर्व नाटक मंडळी १९१३ ची. ती कर्जात रुतली १९२० च्या दशकात. शालू खरे भरजरी, थिएटरात अत्तराचा घमघमाट, तबल्याला अहमदजान थिरकवाँ. नारायणराव राजहंसांना, म्हणजे बालगंधर्वांना, रंगभूमीवर हलकं काही चालत नव्हतं आणि हिशेबात त्यांचं लक्ष नव्हतं. पुढे बोलपटांनी प्रेक्षक ओढून नेला. १९३५ मध्ये ते स्वतः 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ झाले. समोरून वन्समोअर आला की पद पुन्हा नव्यानं रंगवणारा हा माणूस; कॅमेऱ्यापुढचं तुकड्या-तुकड्यांचं काम त्यांना मानवलं नाही. गोहरबाई मंडळीत आल्या त्या यानंतर, १९३८ च्या सुमारास. मग बुडवलं कधी?

उलट त्या आल्या तेव्हा गंधर्व पन्नाशीत पोचले होते. गोहरबाई कर्नाटकातल्या बिळगीच्या, हिंदी सिनेमात नाव काढलेल्या अमीरबाई कर्नाटकी त्यांची बहीण. गोहरबाईंनी गंधर्वांची गायकी गळ्यावर चढवली, मराठी पदं आपलीशी केली, नायिकेच्या भूमिका उचलल्या. पुढे गंधर्वांचे पाय अधू झाले तेव्हा त्यांचं सगळं याच बाईनं केलं, १९६४ मध्ये स्वतःचे डोळे मिटेपर्यंत. गंधर्व १९६७ ला गेले. 'मानापमान'ची भामिनी, 'स्वयंवर'ची रुक्मिणी, 'एकच प्याला'ची सिंधू म्हणून एका पुरुषाला आपण डोक्यावर घेतलं, त्याच्या पदरासारखा पदर घरोघरच्या बायकांनी घेतला. खरीखुरी बाई त्या जागी उभी राहिली तेव्हा मात्र तिचं कानडी गाव आणि मुसलमान धर्म आडवा आला.

गेल्या महिन्यात इथल्या ऑपेरात कोरियन सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी गायिका, होती. गाणं जर्मन. एका लांब आलापाच्या शेवटी तिनं स्वर इतका बारीक केला की माझ्या शेजारच्या आजींनी हातातली पर्स आवाज न करता हळूच मांडीवर टेकवली. मध्यंतरात, हातात सेक्टचे, म्हणजे फेसाळ वाइनचे, ग्लास घेऊन, लोक तिच्या श्वासाबद्दल बोलत होते. ती कुठली, हे कुणाच्या तोंडी नव्हतं. आणि खर्चाचं म्हणाल तर इथलं थिएटर नुसत्या तिकिटांवर चालतच नाही, शहर आणि राज्य पैसा घालतात. गंधर्व इथे असते तर त्यांच्या शालूंचं बिल सरकारनं भरलं असतं.

काका म्हणतील, तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस. शिकवणार. मला बेळगावाबाहेर राहून जे कळलं ते मी का सांगू नये? मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि त्यांच्या 'सौभद्र'मधल्या कित्येक चाली कानडी. हे सगळं अभिमानानं सांगणारेही तुम्हीच. चाल कानडी चालते, मग गाणारी का नको?

खरं सांगायचं तर मी गोहरबाईंसाठी भांडतेय तेवढीच स्वतःसाठी भांडतेय. पुण्यात माझा हेल ऐकून विचारतात, "कानडी का?" बेंगळुरूत नाव वाचून विचारतात, "महाराष्ट्र?" इथे आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीच्या, रांगेत मी नुसता एक नंबर असते. इथली भाषा मी घासून घासून शिकले, त्या भाषेत मुलं वाढवली. उद्या इथलं काही बिघडलं तर बोट आधी माझ्याकडे वळेल, ही भीती मनातून जात नाही. तुमचं ते एक वाक्य मला थेट तिथेच लागलं. माझी आजी शेवटपर्यंत गोहरबाईंचं नाव घेत नसे, "ती" म्हणायची. माझं माहेर तेच आहे आणि मला ते अजूनही हवंय.

म्हणून एवढंच मागते. यंदा लोकमान्य रंगमंदिरात नाट्यपदांचा कार्यक्रम झाला, तर निवेदनात गंधर्वांच्या शेजारी गोहरबाईंचं नाव घ्या, बिळगीच्या म्हणून घ्या. यरगट्टी-लोकापूरच्या पुढचं गाव ते, काका. परकं नव्हे.