दंड तेवढा पूर्ण तयार आहे

काल रात्री सव्वाअकरा वाजता मला पोलीस खात्यातून निलंबित करण्यात आले. खाते खोटे, शहर खोटे, आणि ज्या नागरिकाला मी गाडीची धडक दिली असा माझ्यावर ठपका आहे तो नागरिकही खोटाच. तरीही आज सकाळी दात घासताना मी आरशासमोर स्वतःची बाजू मांडत होतो, यावरून तो ठपका किती वर्मी लागला आहे याची कल्पना यावी. माझी गाडी उभी होती. इंजिन बंद होते, हँडब्रेक ओढलेला होता, आणि मी गाडीत नव्हतोच, दहा पावलांवर फुटपाथवर उभा होतो.

हा सगळा प्रकार ज्या व्हिडिओ गेममध्ये घडला, तो पोलिसाच्या रोजच्या नोकरीचा गेम असून अजून तयार व्हायचा आहे. तयार होण्याआधीच तो विक्रीला ठेवला आहे आणि मी तो घेतला आहे. बाजारात तुरी म्हणतात त्यातलाच हा व्यवहार. फरक इतकाच, की इथे तुरीचे पैसे आधीच चुकते झालेले आहेत. शहर काल्पनिक, पण अमेरिकन वळणाचे आहे. शिफ्टच्या सुरुवातीला वर्तनाचे सत्तर गुण मिळतात, आपल्या प्रत्येक चुकीला त्यातून कापले जातात, आणि शून्यावर आले की निलंबन.

पाठलाग, गोळीबार, हेलिकॉप्टर यांपैकी यात काहीही नाही. पायी गस्त घालायची आणि पावत्या फाडायच्या. हे काम मात्र गेम बनवणाऱ्यांनी इतके जीव ओतून केले आहे, की त्याबद्दल वाकडा शब्द काढणे कृतघ्नपणाचे ठरेल. गाडीच्या मागे जाऊन नंबर वाचायचा, वाकून नोंदणीच्या स्टिकरवरची मुदत पाहायची, यादीतून कारण निवडायचे. मग कमरेचे छोटे यंत्र कुरकुरत कागद बाहेर टाकते, पावसाच्या दोन थेंबांनी त्या कागदाचा कोपरा मऊ पडतो, आणि आपण तो वायपरखाली सरकवतो. पहिल्या दीड तासात मी चौतीस पावत्या फाडल्या आणि एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. पार्किंगचे मीटर पहिल्यांदा १६ जुलै १९३५ रोजी ओक्लाहोमा सिटीत बसवले गेले, तासाला पाच सेंट या दराने. त्या खांबाने पहिल्याच दिवशी किती सभ्य माणसांच्या मनातला सुप्त जमादार जागा केला असेल, हे मीटरवरचा शून्य दिसताच मला होणाऱ्या आनंदावरून मी ताडले आहे.

चौतिसावी पावती एका फिकट निळ्या गाडीची होती. ती हायड्रंटला, म्हणजे अग्निशमन दलाच्या रस्त्यावरच्या नळाला, जवळजवळ टेकून उभी होती. न्यूयॉर्कसारख्या शहरात अशा नळाच्या दोन्ही बाजूंना १५ फूट जागा मोकळी ठेवावी लागते. इथे १५ बोटेही नव्हती. मी पावती वायपरखाली सरकवली, मान वर केली, आणि बॉनेटमध्ये एक माणूस उगवलेला दिसला.

उगवलेला हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. हळदी रंगाचा रेनकोट घातलेले ते गृहस्थ कमरेपासून वर बॉनेटच्या बाहेर होते आणि कमरेपासून खाली इंजिनात. कुंडीतल्या रोपाला वाटत असेल तितकेच समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होते. पाऊस धो धो कोसळत होता.

“नमस्कार, ऑफिसर,” ते म्हणाले. “आज हवा अगदी छान आहे.”

नागरिकाशी बोलण्यासाठी मला चार वाक्ये दिलेली आहेत आणि त्यांत ‘आपण बॉनेटमध्ये का आहात?’ हे वाक्य नाही. मी नाइलाजाने ओळखपत्र मागितले. त्यांनी ते स्वतःच्या छातीतून हात आरपार घालून काढून दिले. त्यावर चष्मा लावलेल्या, पांढऱ्या केसांच्या एका आजींचा फोटो होता. असा पुरावा रोज हाती लागत नाही, या उत्साहात मी ‘ओळखपत्र दुसऱ्याचे आहे’ हे बटण दाबले. पडद्यावर लाल अक्षरे आली: निराधार आरोप, पाच गुण वजा.

“आपण मद्यपान केले आहे का?” मी विचारले.

“थोडेसे.”

मी श्वासाची चाचणी घेतली. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत चालकाच्या रक्तातल्या मद्याची मर्यादा ०.०८ टक्के आहे, युटामध्ये २०१८च्या अखेरीपासून ती ०.०५ आहे, या गृहस्थांचा आकडा शून्य पूर्णांक शून्य शून्य आला. विनाकारण चाचणी, दहा गुण वजा. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. ते पुन्हा म्हणाले, “थोडेसे.” यंत्राने पुन्हा शून्य दाखवले असते, म्हणून मी यंत्र खिशात ठेवले.

“मला उशीर होतो आहे, ऑफिसर,” ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. “तुम्हाला दुसरे काही काम नाही का?”

हे वाक्य या गेममधला प्रत्येक नागरिक बोलतो, हे मला ठाऊक आहे. पण इंजिनात पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाने दुसऱ्याला त्याच्या कामाची आठवण करून द्यावी, हे मला फार झोंबले. मी बाजूला झालो. ते चालू लागले, आणि त्यांचे पाय मोकळे होताच ती निळी गाडी उसळून रस्त्यापलीकडच्या दिव्याच्या खांबाला जाऊन अडकली. यात चमत्कार काही नाही. दोन घन वस्तू एकाच जागी निर्माण झाल्या, की गेममधले भौतिकशास्त्र त्यांना वेगळे करायला धावते, आणि त्या जितक्या एकमेकींत घुसलेल्या असतील तितक्या जोराने त्या फेकल्या जातात. हायड्रंट जागचा हललासुद्धा नाही. उडणाऱ्या गाडीसाठी यादीत कारण नव्हते.

गृहस्थ सिग्नलकडे ढुंकूनही न पाहता भर रस्त्यातून पलीकडे निघाले. हा मात्र यादीतला गुन्हा होता. इथे थोडे आडवळण घेतो, कारण मला हा गुन्हा मुळातच जुनाट वाटतो: खुद्द कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून, वाहनाशी टक्कर होण्याचा तत्काळ धोका असल्याशिवाय, केवळ अशा रस्ता ओलांडण्यासाठी पोलिसांना कोणाला अडवता येत नाही. नोकरी म्हणजे नोकरी असे मनाशी म्हणत मी त्यांना थांबवले आणि पावती फाडली. पावती ओळखपत्रावरून आपोआप भरली जाते, ओळखपत्र आजींचे होते, आणि आजींनी रस्ता ओलांडला नव्हता. चुकीच्या व्यक्तीला दंड, पाच गुण वजा.

माझ्याकडे पन्नास उरले. गृहस्थ वळले, अत्यंत शांत चालीने परत आले, आणि वाटेत माझी गस्तीची गाडी नाहीच अशा थाटात सरळ तिच्यात घुसले. गाडीने अर्थातच वाट दिली नाही. ते सपशेल आडवे झाले, एक पाय दारात अडकून बराच वेळ थरथरत राहिला, आणि माझ्या पडद्यावर अक्षरे उमटली: नागरिकाला वाहनाची धडक, पन्नास गुण वजा.

नागरिक चालतात कसे, हे मी या अपमानानंतर मुद्दाम समजून घेतले. कमी खर्चाची वाट शोधण्याची एक रीत पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल या तिघांनी १९६८ साली मांडली आणि गेममधली माणसे आजही बरीचशी तिच्याच आधाराने रस्ता काढतात. पण ती वाट चालण्याजोग्या जमिनीच्या ज्या नकाशावर शोधायची, तो बहुधा आधीच तयार करून ठेवलेला असतो. मी नंतर आणून उभी केलेली गाडी त्या नकाशातून कोणीतरी वगळावी लागते. ती वगळलेली नव्हती. म्हणजे त्या गृहस्थांच्या दृष्टीने रस्ता मोकळा होता, माझ्या दृष्टीने गाडी उभी होती, आणि या दोन सत्यांची गाठ पडली तिथे पैसे माझ्या गुणांतून गेले.

निलंबनाचे पत्र पाहून मी थक्क झालो. ज्या शहरात माणसांचे पाय इंजिनात उगवतात, तिथले ते पत्र निर्दोष होते: सुबक अक्षर, खात्याचे बोधचिन्ह, पाच, दहा, पाच, पन्नास अशी चोख बेरीज, आणि खाली ‘आपण या शहराचा विश्वासघात केला आहे’ असे वाक्य. मला राग आला तो इथे. अर्धवट गेममध्ये अर्धवट माणसे असणारच, ते मी पैसे देतानाच मान्य केले होते. पण या शहरात माणूस तयार नाही, गाडी तयार नाही, ओळखपत्राचा फोटोही तयार नाही. दंड तेवढा पूर्ण तयार आहे. न्यायाची घाई एवढी का असावी?

कडकपणाला माझा विरोध नाही. १९८७ साली आलेल्या ‘पोलीस क्वेस्ट’ या गेमची रचना जिम वॉल्स या कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलमधल्या माजी अधिकाऱ्याने केली होती, आणि त्यात गस्तीच्या गाडीभोवती एक फेरी मारून तपासणी केल्याशिवाय निघालात, तर टायर दगा देई आणि खेळ तिथेच संपे. ते जाचक होते, पण दुसऱ्यांदा खेळताना माणूस निमूट फेरी मारत असे, कारण चूक त्याची होती. माझ्या बाबतीत पुढच्या वेळी मी नेमके काय सुधारावे? गाडी आणूच नये?

मी रीतसर तक्रार नोंदवली. वेळ, जागा, हवामान, रेनकोटचा रंग, सगळे लिहिले. खऱ्या पोलिसांनीही इतका बारीक पंचनामा केला नसता. उत्तर नम्र होते: हा प्रकार आम्हाला पुन्हा घडवून पाहता आला नाही, तरी शक्यतो गाडी नागरिकांच्या वाटेत उभी करू नये. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१३ च्या मार्चमध्ये ‘अर्ली ॲक्सेस’ असा अपुऱ्या गेमसाठी वेगळा विभाग सुरू झाला, त्याआधी ‘माइनक्राफ्ट’ हा गेम २००९ पासून अपुऱ्या अवस्थेत विकला जातच होता आणि त्याचे पुढे सोने झाले; तेव्हा या पद्धतीला मी सरसकट नावे ठेवत नाही. मात्र पूर्वी गेममधले दोष शोधणाऱ्यांना कंपन्या पगार देत, आता दोष शोधण्यासाठी मीच पैसे मोजले आहेत आणि शोधलेला दोष माझ्याच अंगावर ढकलला जातो आहे, हे मला विनोद म्हणून सांगताना जड जाते.

पैसे परत मागावेत, तर मी घेतला त्या दुकानाचा नियम खरोखर उदार आहे: १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर कारण न विचारता परत. माझे खेळून झाले होते दोन तास नऊ मिनिटे. त्यातली बावीस मिनिटे मी प्रशिक्षण देणारे हवालदारसाहेब दारात अडकले होते म्हणून ते निघण्याची अदबीने वाट पाहिली होती.

आज संध्याकाळी सहा जीबीची सुधारणा आली. बदलांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिले होते: निलंबनपत्रावरील शिक्का आता अधिक स्पष्ट दिसेल. मी शिफ्ट नव्याने सुरू केली. ओल्या रस्त्यावर दिव्यांचे पिवळे पट्टे पडले होते आणि कुठेतरी एक मीटर शून्यावर जात असणार या विचाराने मला बरे वाटू लागले होते. हायड्रंटजवळ निळी गाडी होती. गृहस्थ यावेळी छातीपर्यंत बॉनेटमध्ये होते.

मी माझी गाडी दोन चौक सोडून उभी केली आणि पावसातून चालत परत आलो. त्यांनी हवेबद्दलचे वाक्य पूर्ण केले, पाय सोडवून घेतले, आणि मी ज्या दिशेने आलो होतो त्या दिशेने शांतपणे चालू लागले.