‘दोन टक्क्यांसाठी बारा कोटी’वाल्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, लष्कर भागापासून थाटीपूरपर्यंत बहुतेकांकडे पोचला असेल. झालं असं की आमच्या भागातल्या काही पालकांनी नगर निगमला पत्र दिलंय, की शहरात सगळ्या मुलांना एकत्र खेळता येईल असं एक इन्क्लुझिव्ह प्लेग्राउंड करा आणि त्यासाठी केंद्राच्या योजनेतून आणि कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठीच्या पैशातून, फंड मागा. त्यावर हा मेसेज. दिव्यांग मुलं जेमतेम दोन टक्के, त्यांच्यासाठी बारा कोटी कशाला, त्यांचं स्टेडियम तर ग्वाल्हेरमध्ये आधीच आहे, नॉर्मल मुलांमध्ये खेळली तर त्यांनाच लागेल म्हणून त्यांची जागा वेगळीच बरी, आणि बाहेरून पैसे मागणं म्हणजे शहरानं हात पसरणं, असा एकूण सूर. चांगल्या, समजूतदार माणसांनी तो पुढे पाठवलाय म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

‘जेमतेम दोन टक्के.’ हा आकडा 2011 च्या जनगणनेचा आहे, 2.21 टक्के म्हणजे देशात 2 कोटी 68 लाख लोक. पण त्या जनगणनेत मोजलं काय होतं ते बघा ना, अपंगत्वाचे फक्त 8 प्रकार, त्यात ऑटिझमचा वेगळा रकाना नव्हता, लर्निंग डिसेबिलिटीचा नव्हता. नंतर आलेल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. युनिसेफनं 2021 मध्ये जगभरचा अंदाज दिला तो साधारण 24 कोटी मुलांचा, म्हणजे दहातलं एक मूल. शिवाय आपल्याकडे किती घरांत मुलाचं सर्टिफिकेटच काढलेलं नसतं, लग्नकार्यात विषय निघेल म्हणून, हे आपल्या सगळ्यांना माहितीये. आणि समजा दोनच टक्के असती तरी काय? ती दोन टक्के मुलं पार्कात दिसत नाहीत याचं कारण त्यांना पार्कात शिरताच येत नाही हे आहे, आणि दिसत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी काही करायचं नाही म्हटलं तर ती कधीच दिसणार नाहीत.

‘बारा कोटी.’ हा आकडा आमच्या पत्रात कुठेच नाही. माझ्या अंदाजानं तो नागपूरहून आलाय, तिथे अनुभूती इन्क्लुझिव्ह पार्क जाहीर झालं तेव्हा साधारण 12 कोटी खर्च सांगितला होता, पण ते 90 हजार चौरस फुटांचं आणि त्यात हायड्रोथेरपी, स्पर्श आणि वासाची बाग असं सगळं धरून. आम्ही मागतोय ते चालू पार्कातल्या एका कोपऱ्याचा बदल. बेंगळुरूला कोल्स पार्कात किलिकिली नावाच्या संस्थेनं असंच केलं, जुन्याच सार्वजनिक पार्कात सगळ्या मुलांची खेळायची जागा. यातल्या बऱ्याच गोष्टी महागही नाहीत. गाई आणि बाईक आत येऊ नयेत म्हणून आपल्याकडे पार्कांना जे चक्री फाटक लावतात ना, त्यातून व्हीलचेअर जातच नाही, बाबागाडीही नाही, तर त्याच्या शेजारी 900 मिलिमीटर रुंदीचं साधं दार पाहिजे. पायऱ्यांच्या बाजूला 1:12 उताराचा रॅम्प, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. पाठीला आधार आणि पट्टा असलेला एक झोका. जमिनीच्या लेव्हलला बसवलेलं मेरी-गो-राउंड, म्हणजे व्हीलचेअर सरळ वर चढते. खरा खर्च खालच्या जमिनीचा, रबराचं फ्लोअरिंग महाग पडतं हे खरंय, आणि म्हणूनच तर बाहेरचा फंड मागायचा. त्यावर सावली मात्र हवीच, मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, रबरही तापतं आणि पत्र्याच्या घसरगुंडीला तर हात लावता येत नाही.

‘स्टेडियम आहे की.’ अटल बिहारी वाजपेयींच्या नावाचं दिव्यांग क्रीडा प्रशिक्षण केंद्र आपल्या शहरात झालं, 2023 मध्ये उद्घाटन झालं, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण ते पॅरा खेळाडूंच्या ट्रेनिंगचं ठिकाण आहे. पाच वर्षांची मुलगी संध्याकाळी आजीचा हात धरून तिथे झोका खेळायला जाणार नाही. शहरात एलएनआयपीईसारखी शारीरिक शिक्षणाची मोठी संस्था आहे म्हणून गल्लीतलं मैदान बंद करा असं कुणी म्हणतं का?

आता वेगळ्या जागेचा मुद्दा, आणि याच्यावर मी जरा जास्त बोलणारे कारण मेसेजमधलं सगळ्यात प्रेमळ वाटणारं वाक्य हेच आहे आणि सगळ्यात जास्त नुकसानही हेच करतं. माझ्या आत्येबहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचाली अवघड होतात, वॉकर घेऊन चालतो. घराजवळच्या पार्कात झोक्याखाली आणि घसरगुंडीखाली वाळू टाकलीये, पडलं तर लागू नये म्हणून, पण वॉकरची चाकं त्यात दोन पावलांत रुततात. मग होतं काय, धाकटी बहीण घसरगुंडीवर आणि हा कडेच्या बाकावर तिच्या चपला सांभाळत. ती मधूनच ओरडते, दादा बघ! तो बघतो, टाळ्या वाजवतो. एकाच आईची दोन मुलं, एकाच पार्कात. वेगळं पार्क केलं तर ह्या आईनं कुठं जायचं, एकीला इकडे सोडून दुसऱ्याला तिकडे न्यायचं? त्याला पार्क नकोय, त्याला बहिणीबरोबर खेळायचंय.

आणि लागायचं म्हणाल तर पडणं-झडणं सगळ्याच मुलांचं असतं. धोका कमी करायचे उपाय डिझाइनमध्ये असतात, रुंद वाटा, दोन उंचीचे कठडे, झोक्यांसमोर मोकळी जागा, चारी बाजूंनी कुंपण म्हणजे ऑटिझम असलेलं मूल एकदम पळालं तरी रस्त्यावर जात नाही, आणि गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांसाठी एक शांत कोपरा. यातलं कुठलं दुसऱ्या मुलांना नकोय सांगा? प्लास्टर घातलेला मुलगा, गुडघे दुखणारे आजोबा, बाबागाडी ढकलणारी आई, सगळ्यांना तोच रॅम्प लागतो.

‘हात पसरणं.’ हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. भारतानं 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली, त्याच्या कलम 30 मध्ये दिव्यांग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीनं खेळायला मिळालं पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय. आपल्या 2016 च्या कायद्यात कलम 29 करमणुकीबद्दल आहे, कलम 30 खेळाबद्दल. सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा, करायची पाच वर्षांची मुदत जून 2022 मध्येच संपली. 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी केसमध्ये सांगितलं की सुगमतेचे नियम नुसते सल्ले असून चालणार नाहीत, सक्तीचे किमान नियम करा. म्हणजे हे काम शहराला करायचंच आहे. त्यासाठी केंद्राची सिपडा नावाची योजना आहे, अडथळे काढायच्या कामाला त्यातून अनुदान मिळतं, आणि कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, तेही आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य देऊन. आपल्या जवळच मालनपूर आणि बानमोरला कारखाने आहेत. जो पैसा ह्याच कामासाठी ठेवलाय तो मागितला नाही तर दुसरं शहर नेईल.

मेसेजमध्ये एक ओळ मात्र बरोबर आहे, ‘दोन वर्षांनी सगळं मोडून पडेल’. ही भीती मलाही आहे. ग्रँट बांधकामाला मिळते, झोक्याचा तुटलेला पट्टा बदलायला मिळत नाही. म्हणून आमच्या पत्रात आता तीन गोष्टी वाढवल्यात: देखभालीची रक्कम निगमच्या दरवर्षीच्या बजेटमध्ये वेगळी दाखवावी, पुरवठादाराशी सुट्या भागांसकट पाच वर्षांचा मेंटेनन्स करार असावा, आणि डिझाइन पक्कं करायच्या आधी दिव्यांग मुलांच्या पालकांना आणि स्पेशल स्कूलच्या शिक्षकांना बसवून नकाशा दाखवावा. ज्यांना हे पटतंय त्यांनी आपल्या वॉर्डाच्या पार्षदांना ह्याच तीन मागण्या लिहून द्या, आणि सोबत आपल्या पार्कच्या फाटकाची रुंदी टेपनं मोजून लिहा.