ओट मिल्क यादीतून का काढलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सिलिॲक असलेल्यांसाठी, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लूटेन या प्रथिनाने ज्यांच्या आतड्याचं अस्तर बिघडतं त्यांच्यासाठी, मी दुधाच्या पर्यायांची यादी दिली होती. त्यातून ओट मिल्क काढलं आणि सोया दूध सुचवलं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. ओटमध्ये मुळात ग्लूटेन नसताना ओट मिल्क यादीबाहेर का? बदामाचं दूध हलकं आणि पौष्टिक असताना वास येणाऱ्या, चहा नासवणाऱ्या सोयाची एवढी भलामण कशाला? आणि घरचं नाचणीचं दूध असताना हा सगळा उपद्व्याप हवाच का?

ओटमध्ये गव्हातलं ग्लूटेन नसतं, हे मान्य. त्यातलं ॲव्हेनिन हे प्रथिन सिलिॲक असलेल्या बहुतेकांना सोसतं, मोजक्यांना नाही. खरी अडचण शेतापासून कारखान्यापर्यंतच्या भेसळीची आहे. ग्लूटेन-फ्री म्हणवण्याची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम. गव्हाच्या एका दाण्यात साधारण 4 मिलिग्रॅम ग्लूटेन धरा, म्हणजे किलोभर ओटमध्ये गव्हाचे पाच-सहा दाणे आले की मर्यादा संपली. साधे ओट गहू-बार्लीच्याच ट्रकांतून आणि यंत्रांतून जातात. त्यातून ओट मिल्क पातळ आणि गोडसर करायला स्टार्च फोडणारं एन्झाइम घालतात, ते कधी बार्लीच्या माल्टमधून काढलेलं असतं. राइस मिल्कचंही तेच. म्हणून डब्यावर ‘ग्लूटेन-फ्री’ असे स्पष्ट शब्द असतील तरच ओट मिल्क घ्या, तेही निदानानंतर तब्येत स्थिरावल्यावर आणि डॉक्टरांना विचारून. व्हेगनच्या हिरव्या चिन्हाचा ग्लूटेनशी काही संबंध नाही, ही गल्लत फार जण करतात.

बदामाचं दूध हलकं असतं, कारण त्यात बहुतांशी पाणी असतं. 100 मिलिलीटर गाईच्या दुधात तीन ग्रॅमच्या वर प्रथिन, सोयाच्या दुधात जवळपास तेवढंच, बदामाच्या डब्यात अर्धा ते एक ग्रॅम. आतड्याचं अस्तर अजून भरून यायचंय अशा माणसाला दुधाऐवजी हे देणं मला पटत नाही. कॉफीत घालायला खुशाल वापरा.

सोयाचा वास मात्र घालवता येतो. दाणा फुटून गार पाण्यात भिजला की त्यातलं एक एन्झाइम तेलावर काम करतं आणि तो कच्चट वास येतो. त्यामुळे वाटताना पाणी उकळतं हवं. 100 ग्रॅम सोयाबीन आधी नीट निवडा (आपल्याकडे सोयाबीननंतर त्याच रानात गहू घेतात, सुट्या मालात दाणे सापडतात). आठ-दहा तास भिजवून, चोळून सालं काढा. एक लीटर उकळत्या पाण्यातलं थोडं-थोडं घालत वाटा. गरम वाफेने मिक्सरचं झाकण उडतं, तेव्हा भांडं अर्धंच भरा. पंचातून गाळून मंद आचेवर ढवळत 15-20 मिनिटं उकळा. सुरुवातीला फेस भसकन वर येतो, ती उकळी नव्हे. तिथे गॅस बंद केला तर प्रथिनाचं पचन अडवणारा घटक तसाच राहतो आणि पोट फुगतं. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं.

चहा नासतो तो आंबटपणा आणि उष्णता एकत्र आल्याने, आलं त्यात भर घालतं. चहा वेगळा उकळून गाळा, मिनिटभर थांबा, कपात आधी कोमट सोया दूध घ्या आणि त्यावर चहा ओता. एकत्र उकळायचं नाही. तरीही फाटलं तर दुधात खायच्या सोड्याची अगदी छोटी चिमूट टाका.

आता नाचणी. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं खरं, पण त्यातलं पुष्कळसं सालीच्या बाजूला. वाटून वस्त्रगाळ केलं की ते चोथ्यात जातं आणि पेल्यात मुख्यतः स्टार्च उरतं. त्यापेक्षा भाकरी किंवा न गाळलेली आंबील बरी. गव्हाच्या गिरणीवर दळलेली नाचणी मात्र ग्लूटेन-फ्री राहत नाही. घरच्या मिक्सरवर किंवा वेगळ्या चक्कीवर दळा.

घरच्या सोया दुधातही कॅल्शियम फारसं नसतं. विकतच्यात 100 मिलिलीटरला 120 मिलिग्रॅमच्या आसपास घातलेलं आहे का ते पाहा, आणि ते तळाशी बसतं म्हणून डबा दर वेळी जोरात हलवा. सिलिॲकसोबत थायरॉइड अनेकांना असतो. थायरॉइडच्या गोळीचं शोषण सोया आणि कॅल्शियम दोन्ही कमी करतात, तेव्हा मध्ये चारेक तासांचं अंतर ठेवा.

तुम्ही न विचारलेलं एक. सिलिॲकमध्ये दूध बाधतं ते बहुधा अस्तर बिघडताना दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइमही कमी झाल्यामुळे. ग्लूटेन काटेकोर बंद केल्यावर काही महिन्यांत ते बऱ्याचदा परत येतं. दुधाची ॲलर्जी नसेल तर डॉक्टरांना विचारून दोन चमचे दह्यापासून पुन्हा सुरुवात करून बघता येते.