पिंजरा ग्रिलमधून आत घ्या, प्लीज

डोकं तापलंय म्हणून लिहितेय, लांब होईल, वाचा.

आज दुपारी तीनच्या सुमारास आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या दुसऱ्या विंगमध्ये एका काकूंकडे डबा परत द्यायला गेले होते. ठाण्याचा मे महिना काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. हॉलच्या खिडकीला बॉक्स ग्रिल, पश्चिमेची बाजू, वर पत्रा आणि त्या पत्र्याखाली पिंजरा टांगलेला. आत कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट. चोच उघडी, दोन्ही पंख अंगापासून लांब धरलेले, तुरा मागे चिकटलेला, उघड्या चोचीत जीभ वरखाली होतेय. मी म्हटलं काकू, त्याला आत घ्या, त्याला उकडतंय. तर म्हणाल्या, "अगं पक्षीच तो! जंगलात काय एसी असतो का त्याला?"

जंगलात एसी नसतो काकू, पण जंगलात दारालाही कडी नसते! ऊन लागलं की तो उठून सावलीत जातो, पानांत शिरतो, पाण्यावर जातो. तुम्ही त्याला दोन फुटाच्या जाळीत ठेवलंत म्हटल्यावर सावली शोधायचं काम तुमच्यावर आलं. एवढं साधं आहे हे.

तिथे काही बोलले नाही, त्या वयाने मोठ्या आहेत. पण घरी येईपर्यंत मला गेल्या मे महिन्यातली दुपार आठवत राहिली. लाईट गेलेली, मी ऑफिसात, घरी आई एकटी आणि आमचा चिंगू. आईला पक्षी घरात नकोच होता, पिसांची पांढरी पावडर सगळीकडे उडते म्हणून रोज कटकट. पण चिंगू असाच पंख फाकवून धापा टाकायला लागला तेव्हा तिने कोणालाही न विचारता पिंजरा उचलला आणि मधल्या पॅसेजमध्ये नेला, जिथे बाहेरची एकही भिंत नाही. ओला पंचा पिंजऱ्याच्या एकाच बाजूला टाकला, बाकीच्या बाजू मोकळ्या, आणि वर्तमानपत्राने वारा घालत बसली. मग मला फोन. तिला कोणी शिकवलं होतं हे?

आता कोणीतरी म्हणणारच की कॉकाटील ऑस्ट्रेलियातला, तिकडे चाळीसच्या वर जातं, त्याला आपल्या उन्हाचं काय. बरं, मान्य, सवय असलेला पक्षी बरंच सोसतो. पण तिकडच्या आतल्या भागातली हवा कोरडी आहे. पक्ष्यांना घाम येत नाही, धापा टाकून घशातला ओलावा उडवायचा हाच त्यांचा थंड व्हायचा मुख्य मार्ग, आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत आपला घाम वाळत नाही तर त्याचा ओलावा कुठून उडणार? त्यात पक्ष्याचं अंग मुळातच ४०-४१ डिग्रीच्या आसपास असतं, वर चढायला जागाच फार नाही. घरात साधारण १८ ते २९ डिग्री असेल तर पोपट मजेत असतो. मोबाईलवर ३५ दिसत असेल तर पत्र्याखालच्या ग्रिलमध्ये त्याच्या कितीतरी वर असतं. एक साधा थर्मामीटर पिंजऱ्याच्या उंचीवर लावा म्हणजे कळेल मी काय म्हणतेय ते.

आणि ज्यांना वाटतं एसी लावला की झालं, त्यांनाही सांगते. माझ्या भाच्याने नेरुळला पिंजरा थेट एसीच्या झोताखाली ठेवला होता, वर १८ वर एसी! पक्षी गोळा होऊन पिसं फुगवून बसलेला आणि हा म्हणतो किती क्यूट दिसतोय. अरे, त्याला थंडी वाजतेय! उन्हातून एकदम गारठ्यात, परत उन्हात, हे सगळ्यात वाईट. एसी २६-२७ वर, झोत दुसरीकडे, बस. दिवसभर एसी परवडत नाही हे खरंय, आम्हालाही नाही परवडत. आईने त्या दुपारी एसी कुठे लावला होता? सावलीची जागा, थोडा वारा, गार पाणी दोन-तीनदा बदललेलं, स्प्रेने हलका शिडकावा, इतकंच लागतं. फक्त पक्षी बाहेर सोडलेला असेल तर सीलिंग फॅन बंद. आणि गार जागा म्हणून पिंजरा किचनमध्ये नेऊ नका, नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या धुराने पक्षी मिनिटांत मरू शकतो.

"एवढं असेल तर सोडून द्या त्याला" म्हणणाऱ्यांना तर हात जोडते. आपला हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे, त्यावर भांडायला मी केव्हाही तयार आहे. पण पिंजऱ्यात जन्मलेला कॉकाटील मानपाड्याला हवेत सोडला तर कावळे त्याला संध्याकाळपर्यंत ठेवतील का?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. काकू वाईट नाहीत. त्याच पिंजऱ्यात वाटीत काकडी होती, सालं काढून इतकी बारीक चिरलेली की नातवासाठी चिरतात तशी. जीव आहे त्यांचा त्याच्यावर. म्हणूनच जास्त त्रास होतो, की जीव लावणारी माणसंही "पक्षीच तो" म्हणून मोकळी होतात. माझी आई पक्षी नको म्हणणारी, आणि वारा घालून तिचा हात भरून आला तरी लाईट येईपर्यंत थांबली नव्हती. फोनवर मला एवढंच म्हणाली, "आता चोच मिटलीय गं त्याने."

उद्या सकाळी मी काकूंकडे परत जाणार आहे, पिंजरा लावायला आत एक हूक घेऊन. तुमच्यापैकी कोणाचा पिंजरा ग्रिलमध्ये असेल तर दहाच्या आत तो आत घ्या. पक्षी धापा टाकताना दिसला तर पाय साध्या पाण्याने ओले करा, बर्फ अजिबात नको, आणि पाच-दहा मिनिटांत फरक पडला नाही तर डॉक्टर. सगळे व्हेट पक्षी बघत नाहीत, त्यामुळे तुमच्या जवळ कोण बघतं ते आजच फोन करून विचारून ठेवा. ठाण्यात पक्षी बघणारे चांगले डॉक्टर माहीत असतील तर कमेंटमध्ये नक्की सांगा.