‘अभिमान’मधला खरा प्रश्न

हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अभिमान’ (1973) या हिंदी चित्रपटावरील लेख वाचला. त्यात चित्रपटाचे वर्णन ‘दोन महत्त्वाकांक्षांची टक्कर’ असे केले आहे, ते मला पटत नाही. नायिका उमाला (जया भादुरी) गायिका म्हणून नाव कमवायचेच नाही; तिला गायला लावतो तो तिचा गायक नवरा सुबीर (अमिताभ बच्चन), आणि तिची कीर्ती आपल्यापुढे जाऊ लागताच तीच त्याला सलू लागते. लग्नाच्या स्वागत समारंभात दोघे एकत्र गातात तेव्हा डेव्हिड यांनी साकारलेला जाणकार रसिक तिचा गळा त्याच्याहून सरस असल्याचे ओळखतो आणि पुढच्या संसाराची काळजी व्यक्त करतो. सारे नाट्य त्या एका प्रसंगात पेरलेले आहे.

सचिनदेव बर्मन यांच्या संगीताचा लेखात केवळ ओझरता उल्लेख आहे, याची मात्र खंत वाटली. उमाच्या सर्व गाण्यांना लता मंगेशकरांचा एकच आवाज आहे, तर सुबीरसाठी किशोरकुमार, रफी आणि मनहर उधास असे तिघे गायले आहेत. यामागे योजना होती की निव्वळ सोय, हे बाजूला ठेवले तरी पडद्यावर तिचे स्थैर्य आणि त्याची चलबिचल मला त्यातून फार प्रकर्षाने जाणवते. शेवटच्या युगुलगीतात येणाऱ्या बाळाचे स्वप्न आहे आणि ते बाळ दोघांनी गमावलेले आहे. म्हणूनच जया भादुरी गाता गाता रडू लागतात, त्या प्रसंगाला ‘गोड शेवट’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.