खुलासा : नांगर वजनाने नव्हे, रुतल्याने धरतो

‘नांगर पुरेसा जड असला आणि दोर ताणला गेला, की होडी जागची हलत नाही,’ असा मजकूर सध्या होडीवाल्यांमध्ये फिरत आहे. तो अर्धवट असून त्यातला दुसरा भाग धोकादायक आहे.

लहान होडीचा नांगर प्रामुख्याने त्याची पाती तळात रुतल्यामुळे धरतो, आणि त्यासाठी ओढ शक्य तितकी आडवी लागते. म्हणून नांगराला साखळी असेल तर ती खोलीच्या किमान पाचपट, दोर असेल तर सातपट सोडावा. ही खोली भरतीच्या पाण्याची धरावी व तीत नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंचीही मिळवावी. मुंबईजवळ उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरहून अधिक असतो. ओहोटीला चार मीटर पाणी आणि नाळ एक मीटर उंच असेल, तर हिशेब नऊ मीटरांचा, म्हणजे साखळी ४५ मीटर.

ताणलेला दोर हा रुतल्याचा पुरावा नाही, कारण घसरणारा नांगरही दोर ताणतो. इंजिन हळूहळू उलट चालवून ओढ वाढवावी आणि त्या वेळी किनाऱ्यावरच्या, एकामागे एक दिसणाऱ्या दोन स्थिर खुणांची (उदाहरणार्थ, देवळाचा कळस आणि मागचा मनोरा) रेषा मोडते का, हे बाजूला पाहून तपासावे. दोरावर हात ठेवल्यास घसरणाऱ्या नांगराची थरथर जाणवते. बोटे मात्र दोर बांधलेल्या खुंट्यापासून दूर ठेवावीत.

खाडीत प्रवाह उलटला की ओढीची दिशाही उलटते, त्यामुळे तिथे हीच तपासणी पुन्हा करावी लागते.